ज्या हातानं आभाळ रंगवलं

मास्तर,

परवा सांगलीच्या कॉलेजातल्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या जुन्या लोकांची माहिती गोळा करतायत म्हणाल्या. तुमच्या हाताखाली काम केलेलं माणूस आता मी एकटीच उरले आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मी त्यांना सुके रंग सरसात कसे खलायचे ते सांगितलं, कापडाला खळ कशी द्यायची ते सांगितलं, तुमचं आभाळ हातवारे करून दाखवलं. त्यांनी सगळं फोनमध्ये भरून घेतलं. मग त्यातली एक जरा घुटमळून म्हणाली, "बाई, माणूस म्हणून कसे होते ते?" मी म्हणाले, चहा गार होतोय. त्या गेल्यावर भांडी विसळली आणि तुम्हाला लिहायला बसले. त्यांना जे सांगता आलं नाही, ते तुम्हाला मुळात ठाऊकच आहे. त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पलूसकडच्या मळ्यातून सांगलीला मावशीकडे येऊन राहिले होते आणि ड्रॉइंग मास्तरांचा कोर्स करत होते. आमच्या घरात ऊस आणि फौज, याखेरीज तिसरं काही नव्हतं. आबा सुभेदार होऊन परत आलेले. मुलीनं चित्र काढायचं म्हणजे दिवाळीची रांगोळी, एवढीच त्यांची समजूत, पण पुढे नोकरी लागेल म्हटल्यावर त्यांनी पाठवलं. एका सकाळी आमच्या सरांनी आम्हाला नाट्यगृहामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. जमिनीवर शेडभर मांजरपाट अंथरलेलं आहे आणि तुम्ही त्याच्यावर अनवाणी चालताय. हातात लांब बांबूला बांधलेला ब्रश, अंगण झाडावं तसा फिरतोय. मी दारात उभी राहून बघते आहे आणि तुमच्या पावलांच्या मागून त्या पांढऱ्या कापडावर संध्याकाळ होत चालली आहे. बाकीच्या मुली कंटाळून बाहेर उसाचा रस प्यायला गेल्या. मी तुम्हाला विचारलं, हे मला शिकवाल का. तुम्ही वर न बघता म्हणालात, "नऊवारी नेसता येते?" मला राग आला. सांगलीत आल्यापासून मी पाचवारी नेसायला लागले होते आणि त्याचा मला केवढा अभिमान. तुम्ही म्हणालात, "पाचवारीत पडद्यावर चालता येत नाही. काठ रंगात लोळतो. कासोटा घालून ये, उद्या सात वाजता." मी गावाहून आईचं जुनं लुगडं मागवलं. तोवर मावशीचं नेसून आले.

तुम्ही पुढची दोन वर्षं मला जे दिलंत, त्याची यादी करायला गेले तर हे पत्र संपायचं नाही. पिवडी, हुरमुंज, नीळ आणि काजळी, एवढ्या चार रंगांत जगातला कुठलाही प्रहर काढता येतो, हे तुम्ही मला दाखवलंत. आभाळ आधी करायचं, एका दमात, ओल्यावर ओलं, आणि ते खाली नेमकं कुठे संपलं हे कुणाला कळू द्यायचं नाही. शेडच्या कोपऱ्यात एकच स्टोव्ह होता. त्याच्यावर सरस शिजायचा, चहा व्हायचा आणि दुपारी तुम्ही बाजरीच्या भाकरी थापायचात. आमच्याकडे सगळी जोंधळ्याची भाकरी, त्यामुळे मला तुमचं ते बाजरीचं वेड नवलाचं वाटे. भाकरी इतकी गोल की मावशीलाही जमली नसती. अर्धी मला द्यायचात, वर ठेचा. मी काढलेलं पहिलं झाड आठवतं का तुम्हाला? वडाचं. मी त्याचं पान न् पान काढलं होतं, चार दिवस खपून. तुम्ही पडदा नाट्यगृहात टांगायला लावलात आणि मला म्हणालात, "आता पार शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहा आणि तिथून सांग काय दिसतंय." मी गेले. तिथून हिरवा गोळा दिसत होता, भिजलेल्या गोधडीसारखा. "पहिल्या रांगेतल्या माणसासाठी काढलंस तू. मागच्याला पण डोळे आहेत की." मला रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी बराच वेळ मागेच उभी राहिले. मग तुम्ही स्वतः मागे आलात, माझा उजवा हात कोपराशी धरलात आणि हवेतच झाड काढून दाखवलंत. "जोर खांद्यातनं येऊ दे. मनगट सैल ठेव, अगदी सैल. मनगट आवळलं की झाड मेलं." काथ्याची कुंचली करून, रंगात बुडवून, ती कापडावर आपटत आणि उचलत फिरवायची. जवळून नुसते ठिपके, आणि मागून बघावं तर वारा सुटलेला. तुमचं ते झाड आजही माझ्या हातात आहे.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. त्या दोन वर्षांत शेडमध्ये कितीदा तरी आपण दोघंच असायचो. तुम्ही माझ्याशी कधी वावगं बोलला नाहीत, वावगं वागला नाहीत. बाईमाणूस म्हणून कधी हलकं काम दिलं नाहीत, शिडीवर चढू नको म्हणाला नाहीत. नाटक कंपनीचे लोक यायचे, चेष्टा करायचे, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायचात की हिचा हात तुमच्या नायकाच्या आवाजापेक्षा लांब पोचतो. माझ्या आयुष्यात असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. म्हणून तर पुढचं सगळं इतकं जड गेलं.

आबा एकदा न सांगता आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की तुमची लेक नाटकवाल्यांत जाते. फेटा बांधून, काठी घेऊन आले आणि रंगाच्या खोक्यावर बसून तासभर बघत राहिले. तुम्हीही काम थांबवलं नाहीत. शेवटी उठताना म्हणाले, "काम शिस्तीत हाय. येत जा पोरी." आणि मग, एका बापानं दुसऱ्या पुरुषाला विचारावं तसं तुम्हाला विचारलं, घरी कोण कोण असतं. तुम्ही म्हणालात, "कुणी नाही. बायको होती, ती गेली." आबांनी मान खाली घातली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, दुःख पचवलेला माणूस हाय, त्याच्या जेवणाकडं बघत जा. त्या दिवसापासून मी मावशीकडून तुमच्यासाठी कालवण आणायला लागले.

कोर्स संपला, आणि दुष्काळाचं वर्ष सरल्यावर मला नोकरीची ऑर्डर आली ती म्हसवडच्या शाळेची. मी धावत शेडमध्ये आले. गावाचं नाव ऐकून तुम्ही ब्रश पाण्यात घातलात आणि तो स्वच्छ झाला तरी ढवळतच राहिलात. म्हणालात, लांब आहे, पाणी नाही तिथं, दुसरीकडे बघ. मला वाटलं, मी जाते म्हणून वाईट वाटतंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला भिंतीला टेकून उभं केलंत, खडूनं खूण केलीत आणि माझ्या उंचीला बेतून बांबू कापून दिलात. त्याला तुमचा सगळ्यात रुंद ब्रश बांधलात. दोन वर्षं मी तुमच्या मापाचा बांबू वापरत होते आणि खांदा का दुखतो ते मला कळत नव्हतं. तुमच्या ते ध्यानात होतं.

म्हसवडला त्या वर्षी पाऊस झाला होता, पण लोकांच्या तोंडी अजून खडी फोडायची दुष्काळी कामं आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीच होत्या. शाळेत चित्रकलेच्या तासाला पोरं कागदाऐवजी पाटी घेऊन बसायची. गॅदरिंग आलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, बाई, मागं काहीतरी लावायला पाहिजे. मी धोतरं जोडून पडदा शिवला आणि तुमच्या पद्धतीनं रंगवला: संध्याकाळचं आभाळ, नदीचा काठ, उजव्या अंगाला एक मोठं झाड. पटांगणात वाळत टाकला होता. दुपारची शाळा सुटली होती. एक बाई रस्त्यानं जाता जाता थांबली. डोक्यावर लोकरीचं गाठोडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. घोंगडी विणणाऱ्या घरातली, हे त्या गाठोड्यावरूनच कळत होतं. ती पडद्याच्या कडेनं चालत त्या झाडापर्यंत आली, खाली बसली, आणि बोट न लावता बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाई, ह्ये झाड तुमी कुणाकडनं शिकला?"

मी तुमचं नाव घेतलं. ती हलली नाही. गाठोडंही तिनं खाली ठेवलं नाही. झाडाकडे बघतच म्हणाली, "म्हंजी जित्ता हाय त्यो."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिनंच बोलावलं होतं. एक खोली, ओसरीवर माग, मागावर तुमची मुलगी बसलेली. मला बघून ती उठली, पाणी दिलं आणि पुन्हा मागावर जाऊन बसली. विसाच्या घरातली. बापाचा ठावठिकाणा नाही म्हणून तिला स्थळं येत नव्हती, हे मला नंतर कळलं. चुलीपाशी घोंगडीला द्यायच्या चिंचोक्याच्या खळीचं भांडं होतं. वासावरून मी ओळखलं. सांगलीत दुसरे रंगारी कांजी लावायचे, चिंचोक्याची खळ फक्त तुम्ही द्यायचात, आणि ती का, असं मी विचारलं तर हसायचात. तुमची बायको चुलीपुढे बसून बाजरीची भाकरी थापत होती, आणि मला दिसलं की ती एकाच हातानं थापते आहे. डावा हात नुसता काठवटीच्या कडेला टेकवलेला. मनगट बाहेरच्या अंगाला वळून तसंच राहिलेलं. मी तिकडे बघते आहे हे तिनं पाहिलं.

तिनं सांगितलं ते मोजक्या शब्दांत, रडणं नाही, तुम्हाला शिव्याही नाहीत. तुमचा पहिला मोठा पडदा त्याच अंगणात झाला होता. कापड तिच्या बापानं आणून दिलं होतं, खळही त्यांच्याच घरची. पोर तीन महिन्यांची होती आणि तिच्या झोळीची दोरी अंगाला काचत होती. म्हणून तिनं पडद्याच्या काठाची चार बोटं पट्टी कापून दोरीला गुंडाळली. नुसता पांढरा काठ होता, त्याच्यावर रंगही नव्हता. तुम्ही बाहेरून आलात, ते बघितलंत आणि तिच्या हातातला विळा काढून घेताना हात पिरगाळलात. हाड मोडल्याचा आवाज तिला आला होता, आणि तुम्हालाही आला असणार, असं ती म्हणाली. त्याआधीही हात उगारायचात, पण मोडलं ते त्या दिवशी. तुम्ही पडद्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन सकाळच्या गाडीनं गेलात. तिच्या बापानं धनगराकडून हाड बसवून आणलं, ते वाकडंच बसलं. वीस वर्षं तिला कुणी सांगितलं नाही की तुम्ही कुठे आहात. कुंकू ठेवावं की पुसावं, हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. भाकरी उलटवून ती म्हणाली, "आता तुमी सांगितलंसा. म्हंजी कुकवाचं खरंच हुतं."

मास्तर, मी तिची भाकरी खाल्ली. बाहेर येऊन चालायला लागले आणि चालता चालता माझा उजवा हात कोपराशी धरला. तिथेच तुम्ही धरला होतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी न जाता आधी सांगलीला आले. तुम्ही शेडमध्येच होतात. नवा पडदा होता, पहाटेचा. आभाळ नुकतंच रंगवायला घेतलेलं. मी दारातूनच म्हणाले की म्हसवडला तुमच्या घरी जाऊन आले. तुमच्या तोंडून तोवर मी कंपनीतली छापील भाषा सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, "कवा बघितलीस तू तिला?" आणि मला तुमचं गाव ऐकू आलं. मी सांगितलं. हात सांगितला. मुलगी सांगितली. आबांना तुम्ही काय म्हणाला होतात, तेही सांगितलं. तुम्ही थांबला नाहीत. आभाळ ओलं असताना थांबता येत नाही, हे मलाही माहीत होतं. दोन फेऱ्या झाल्यावर तुम्ही म्हणालात, "तू इथं चित्र शिकायला आली होतीस. ते शिकलीस. बाकीचं विचारायचा तुला अधिकार नाही." मी म्हणाले, मला नसेल, तिला आहे. तुम्ही ब्रश पुन्हा रंगात बुडवलात.

मी मात्र तुमच्या हाताकडे बघत होते. तो थरथरला असता, एखादा डाग पडला असता, तर मला बरं वाटलं असतं. पडला नाही. ती पहाट तुम्ही काठापर्यंत नेलीत. निळ्यातून राखाडी, राखाडीतून कोवळं पिवळं, कुठेही जोड दिसत नव्हता. तसं आभाळ मी पुन्हा पाहिलं नाही, तुमच्याकडेही नाही. त्याच क्षणी मला ते सुंदर वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. कितीतरी वर्षं मला त्या लाजेचं काय करायचं ते कळलं नाही. चांगल्या चित्रात माणसाचं चांगुलपण उतरतं, असं मी मुलांना शिकवत होते. त्या दिवसानंतर ते वाक्य मी वर्गात पुन्हा म्हटलं नाही.

म्हसवडला परत आले ती पडदा पुसून टाकायचा असं ठरवूनच. गॅदरिंग चार दिवसांवर होतं. मी बादलीत चुना कालवला आणि पडदा पटांगणात पसरला. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, अहो बाई, एवढा चांगला आहे, काय झालं तरी काय. मी चुना ढवळत राहिले. शिपायानं जाऊन तुमच्या बायकोला सांगितलं असावं. ती मुलीला घेऊन आली. चुन्याची बादली उचलून तिनं बाजूला ठेवली, चांगल्या हातानं. म्हणाली, "आवं बाई, माझा हात त्येनं मोडला. ह्या झाडानं न्हाई मोडला."

मी म्हणाले, झाड त्यांचंच आहे.

"झाड तुमी काढलंय. पोरास्नी उद्या त्याच्याम्होरं नाचायचं हाय. त्येंनी काय केलंय?" मग म्हणाली, "पर एक सांगते. माझ्याम्होरं त्येला मोठा म्हणू नगा. त्येचं काम मोठं म्हणा. मला ठावं हाय ते. माझ्याच अंगणात झालंय."

मी हो म्हणाले. मला वाटलं, झालं आता बोलून. पण ती जायला निघाली नाही. मुलीला पुढे करून म्हणाली, "हिला शिकवा ते. बापाकडनं दुसरं काय मिळायचं हाय हिला? एवढं तरी मिळू द्या."

मास्तर, तुम्ही मला जे दिलंत ते मला माझं वाटत होतं. त्या पटांगणात कळलं की त्यातला निम्मा वाटा कुणाचा तरी राहिला होता, आणि तो पोचवायचं काम माझ्याकडे आलं होतं. मुलगी रोज शाळा सुटल्यावर यायला लागली. हात तुमचाच, लांब पोचणारा. आठवड्यात आभाळ जमलं तिला, मला वर्ष लागलं होतं. मनगट सैल ठेव, हे तिला सांगायची वेळ आली तेव्हा मी अडखळले. ती हसून म्हणाली, "सांगा की बाई. माझं चांगलं हाय." आणि मग झाडाची पाळी आली. मी काथ्याची कुंचली करून तिच्या हातात दिली, तुमचं झाड दाखवलं. तिनं एकदा काढलं, अगदी हुबेहूब, मागे जाऊन बघितलं आणि पुसलं. "ह्ये मला नगं. असलं झाड हितं कुठं असतंय?" तिनं बाभूळ काढली. विरळ, काटेरी, अर्धं आभाळ तिच्यातून दिसणारी. शेवटच्या रांगेतून बघितलं तर वारा होताच. तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. काहीच म्हणाला नसतात, नुसता तिला तिच्या मापाचा बांबू कापून दिला असतात. तो मी दिला. पुढे जत्रेतल्या पालांना, शाळांना, भजनी मंडळांना तिनं पडदे करून दिले. त्या कामावरूनच तिला कराडचं स्थळ आलं, साखर कारखान्यात फिटर होता. तिकडेही तिनं काम सोडलं नाही. दारावर पाटी लावली, स्वतःच्या नावाची. बापाचं नाव तिनं त्यात घातलं नाही, आणि मीही तिला तसं सुचवलं नाही.

तुमची बायको लेकीचं लग्न बघून, त्याच वर्षीच्या कार्तिकात गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत आटोपलं. हिरवा चुडा, मळवट भरून तिला नेलं. बायका म्हणत होत्या, भाग्याची, सवाष्ण गेली. मी त्यांच्यात उभी होते आणि मला ठाऊक होतं की हे भाग्य तिला माझ्या एका उत्तरानं मिळालंय. तिला त्याचं काय वाटलं असतं ते मी सांगू शकत नाही. मुलगी रडली नाही. आईच्या मागावर अर्धं राहिलेलं घोंगडं तिनं बसून पुरं केलं आणि मग कराडला गेली.

तुम्ही गेलात ते त्याच्या पुढच्या वर्षी. नाट्यगृहात शोकसभा ठेवली होती आणि मलाही बोलावलं होतं. व्यासपीठामागे तुमचाच पडदा, तीच पहाट. एक जुने नट बोलायला उठले. आवाज अजून खणखणीत होता. म्हणाले, या माणसानं संसार केला नाही, कलेशीच लग्न लावलं. लोकांनी मान डोलावली. मी माझ्या जागेवरून उठले. मला सभेत बोलायची सवय नाही, मास्तर, अजूनही नाही. म्हणाले, "संसार केला होता. म्हसवडला. बायको होती, मुलगी आहे. ती पडदे रंगवते." सगळे माझ्याकडे वळले. नट हळूच म्हणाले, बाई, आजच्या दिवशी ते नको. मी म्हणाले, मग माझं पुढचंही ऐकून घ्या. आणि तुमचं आभाळ सांगितलं. मला भिंतीला उभं करून माझ्या उंचीचा बांबू कापलात ते सांगितलं. आबा तासभर खोक्यावर बसले होते ते सांगितलं. माझ्यासारख्या उसाच्या रानातल्या पोरीला तुम्ही शेवटच्या रांगेत नेऊन बघायला शिकवलंत, माझं पोट आणि माझं उभं राहणं दोन्ही तुमच्यामुळे आहे, हे सांगितलं. मोडलेलं मनगटही सांगितलं. सगळं सांगून खाली बसले. बाहेर पडताना कुणी माझ्याशी बोललं नाही. फक्त रंगपटातले म्हातारे मेकअपवाले जवळ आले आणि म्हणाले, "आम्हाला ठाऊक होतं, बाई. सगळ्यांना ठाऊक होतं." मला तुमच्यापेक्षा त्यांचा राग जास्त आला.

आता इतक्या वर्षांनी राग नाही. खोटं कशाला बोलू, थोडा आहे, पण तो तुमच्या उपकाराच्या आड येत नाही आणि उपकार त्याच्या आड येत नाही. दोघांनाही माझ्याकडे जागा आहे. तीस-बत्तीस वर्षांत हजारभर पोरांना मी आभाळ शिकवलं असेन. कुणी विचारलं की हे कुणाचं, तर तुमचं नाव घेते आणि खळीचं सांगताना तुमच्या बायकोचं. तुम्ही थोर होतात असं म्हणत नाही. तिला शब्द दिलाय. तुम्ही माझे मास्तर होतात, असं म्हणते.

हे पत्र कुणाला पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. सिद्धनाथाच्या रथाच्या जत्रेला, मार्गशीर्षात, एक नाटक कंपनी म्हसवडला आली होती. त्यांच्यातला एक पडदे ओढणारा माझं घर शोधत आला. म्हणाला, सांगलीच्या मास्तरांनी विचारायला सांगितलंय, तिकडं सगळं बरं आहे ना. तुम्ही त्याआधी कधी विचारलं नव्हतंत, एकदाही नाही. तुमच्या बायकोला जाऊन तेव्हा महिनाही झाला नव्हता. तो माणूस दारात उभा होता, त्याला मी पाणी दिलं. मी त्याला सांगू शकले असते. सगळं बरं आहे म्हणावं, असं मी म्हणाले. तुम्हाला ते कळायचा हक्क नाही म्हणून तसं म्हणाले, की कळलं तर तुमचा हात थांबेल म्हणून, हे मला तेव्हा समजलं नाही आणि आजही समजत नाही. तिकडे सगळं बरं आहे, एवढंच ऐकून तुम्ही गेलात. ते मी कळवलं होतं, आणि ते खरं नव्हतं.